हॅमर-ऑन वाजतं, पुल-ऑफ मरतं: लेगाटोचा सराव नेमका कसा करायचा?

पूर्वभाग_सहातार

नमस्कार. मी सोलापूरचा, अशोक चौकाच्या पुढं पूर्व भागात राहतो. साधी ॲकॉस्टिक गिटार आहे, १२ च्या तारा (पहिली तार ०.०१२ इंच जाड) लावलेल्या. कॉर्ड्स, बार कॉर्ड, स्ट्रमिंग जमतं. गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमात साथ पण करतो. आता लीडकडं, म्हणजे एकेक स्वर वाजवण्याकडं वळलोय आणि लेगाटोवर (तार एकदा छेडून पुढचे स्वर डाव्या हाताच्या बोटांनीच काढायचे) येऊन अडकलोय.

हॅमर-ऑन (बोट तारेवर आपटून वरचा स्वर काढणं) बऱ्यापैकी वाजतं. पुल-ऑफ (बोट ओढून सोडत खालचा स्वर काढणं) मात्र मरतं. पिकनं (तार छेडायची छोटी चकती) मारलेला पहिला स्वर ठणकन येतो, दुसरा निम्मा, आणि करंगळीवरनं परत येताना तिसरा तर आला की नाही तेच कळंना. एका तारेवर तीन-तीन स्वर घेत स्केल वर न्यायला गेलो की तार बदलताना दर वेळी धक्का बसतो. ऐकणाऱ्याला नुसतं टाक-टिकटिक, टाक-टिकटिक ऐकू येतं. शिवाय बोट ओढताना शेजारची तार मध्येच बोलते.

सराव घरीच करतो. खाली वडिलांचा कारखाना आहे, चार माग, टॉवेलचे. दिवसभर माग चालू असतात, म्हणून वरच्या खोलीत जोर लावूनच वाजवावं लागतं, नाहीतर माझं मलाच ऐकू येत नाही. रात्री माग बंद झाले की शांत असतं, पण तोवर घरचे झोपायला आलेले असतात.

एका मित्रानं सांगितलं, करंगळीत ताकद नाही, हँड ग्रिप घे. घेतलं. ते दाबून दाबून मनगटाच्या वरच्या बाजूला दुखायलंय. दुसरा म्हणतो ॲकॉस्टिकवर लेगाटो होतच नाही, इलेक्ट्रिक घे. घरी आत्ता एवढा खर्च सांगायची माझी इच्छा नाही. खरंच ॲकॉस्टिकवर होत नाही का? आणि रोज नेमकं काय वाजवू? जाणकारांनी जरा खोलात सांगितलं तर लई उपकार होतील.

---

टेम्पो_साठ

मेट्रोनोम (लय दाखवणारं टकटक यंत्र) ६० वर लाव. १-२-३-४ बोटं (तर्जनी ते करंगळी), सहाव्या तारेपासून पहिलीपर्यंत, आधी फक्त हॅमर-ऑन, मग उतरताना फक्त पुल-ऑफ. स्वच्छ आल्याशिवाय वेग वाढवू नकोस. मी याच रस्त्याने गेलो आणि हात तयार झाला. इलेक्ट्रिकची घाई नको. ॲकॉस्टिकवर हात बसला की इलेक्ट्रिक फार सोपी जाते.

---

रेल्वेलाइन्स_सतार

मी लहानपणी सतार शिकले, पुढे गिटारकडे आले आणि आता रेल्वे लाइन्समध्ये घरीच मुलांना गिटार शिकवते. तुझ्यासारखी अडचण घेऊन बरेच जण येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुझ्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मागांची आहे. खाली माग चालू, म्हणून तू जोर लावतोस. तो जोर जातो कुठे? उजव्या हाताला, पिकला. पिकने हवा तेवढा मोठा आवाज काढता येतो. डाव्या हाताच्या बोटाने किती आवाज निघेल याला मात्र मर्यादा आहे, ॲकॉस्टिकवर तर जास्तच. मग पहिला स्वर मोठा आणि पुढचे दोन बारीक येणारच. टाक-टिकटिक आलं ते इथून.

यावर बहुतेक जण बोटं आणखी जोरात आपटायला लागतात. मी माझ्या मुलांना उलटं सांगते. बोटं आहेत तशीच राहू दे, पिक हळू कर. लेगाटोची पातळी डावा हात ठरवतो आणि उजव्याने त्याच्यापर्यंत खाली यायचं असतं. एवढं पटलं की अर्धं काम झालं, असं मी अगदी खात्रीने सांगते.

आज रात्री हे करून बघ. पिक बाजूला ठेव. तिसरी तार, ९, १० आणि १२ वा फ्रेट (मानेवरच्या पट्ट्यांनी पडलेले घर), बोटं पहिलं, दुसरं आणि करंगळी. फक्त डाव्या हाताने ९-१०-१२ वर जा आणि १२-१०-९ परत ये. उजवा हात मांडीवर. जो आवाज निघेल तो नीट ऐक. तुझ्या हाताची आजची पातळी तेवढी आहे. आता पिक घे आणि पहिला स्वर त्याच आवाजात वाजव. साउंडहोलच्या मानेकडच्या कडेजवळ वाजव, तिथे तार मऊ लागते आणि पिकची टोचणीही कमी होते. सुरुवातीला तुला वाटेल आपण काही वाजवतच नाही आहोत. वाटू दे. तीनही स्वर एका उंचीचे झाले की मग सगळेच मिळून हळूहळू मोठे करायचे.

कानावर विश्वास बसत नसेल तर मोबाइलवर रेकॉर्ड कर आणि लाटांचं चित्र बघ. तीन उंचवटे सारखे दिसले पाहिजेत. एक उंच आणि दोन बुटके दिसले की चूक पिकची, करंगळीची नाही. माझ्याकडची मुलं हे चित्र बघितल्यावर लगेच हात बदलतात, नुसतं सांगून बदलत नाहीत.

आता पुल-ऑफ. ते मरतं याचं कारण बहुतेक वेळा हे असतं की बोट तारेवरून सरळ वर उचललं जातं. पुल-ऑफमध्ये डाव्या हाताचं तेच बोट मिझराबचं (सतार छेडायची तारेची नखी) काम करतं. करंगळी १२ व्या फ्रेटवर दाबलेली आहे. ती सुटण्याआधीच दुसरं बोट १० व्यावर आणि पहिलं ९ व्यावर पक्कं बसलेलं हवं. बोट ऐन वेळी येऊन बसणार असेल तर स्वर मरणारच. मग करंगळीच्या टोकाचं मांस तारेला किंचित अडकतं, तार केसभर जमिनीच्या दिशेने सरकते आणि बोट सुटतं. केसभरच. जास्त ओढलंस तर तार ताणली जाऊन स्वर चढतो आणि सुटताना मांजर ओरडल्यासारखा आवाज येतो. खालच्या फ्रेटवरचं बोट तार धरून ठेवतं, म्हणून तार नुसती सरकून न जाता छेडली जाते. सतारीवर कृंतन (तिथला पुल-ऑफच) शिकवताना गुरुजी माझ्या तर्जनीकडे बघायचे, मधल्या बोटाकडे नाही, ते याचसाठी. ओढणाऱ्या बोटापेक्षा बसलेलं बोट महत्त्वाचं.

हॅमर-ऑनला मात्र वेग हवा, दाब नको. बोट फ्रेटच्या पट्टीला अगदी लागून पडलं पाहिजे, दोन पट्ट्यांच्या मध्यात नाही. आणि फार उंचावरून आणू नकोस, परत येताना तेवढाच उशीर होतो. पडल्यावर तार धरून ठेवण्यापुरताच दाब, त्याहून जास्त दाबण्यात हात थकतो आणि मिळत काही नाही.

शेजारची तार बोलते तिचं काय? पहिलं बोट थोडं आडवं ठेव. त्याचं टोक वरच्या जाड तारेला नुसतं टेकलेलं असू दे आणि बोटाच्या पोटाचं मांस खालच्या बारीक तारांवर हलकं पडलेलं. दाबायचं नाही, फक्त स्पर्श. मग करंगळी ओढताना खालच्या तारेला लागली तरी तिथून आवाज निघत नाही. जाड तारा उजव्या तळव्याच्या कडेने झाकायच्या. काही जण नटजवळ, म्हणजे मानेच्या टोकाशी, नॅपकिनची पट्टी बांधतात. आपल्या सोलापुरात ती मिळायला काय कमी, पण शिकताना ती बांधू नये असं माझं मत आहे. पट्टी असली की पहिलं बोट आळशी राहतं.

आता रोज काय वाजवायचं. एकच चाल देते, ती धरून बस. सहाव्या तारेवर ८-१०-१२, पाचवीवर ८-१०-१२, चौथीवर ९-१०-१२, तिसरीवर ९-१०-१२, दुसरीवर १०-१२-१३, पहिलीवर १०-१२-१३. हे सी मेजर. आपल्या भाषेत सा रे ग, म प ध, नी सां रें, असं पुढे जात दोन सप्तकं ओलांडून वरच्या मध्यमापर्यंत. १८ स्वर, पिक फक्त ६ वेळा. तोंडाने सरगम म्हणत वाजव. स्वर तोंडात असला की बोट अडखळलेलं लगेच कळतं.

मेट्रोनोमच्या नुसत्या टकटकीपेक्षा तबल्याचं ॲप लाव. दादरा, ६ मात्रा. एका मात्रेत तीन स्वर घेतलेस तर १८ स्वर बरोबर एका आवर्तनात बसतात. पुढच्या आवर्तनात वरचा मध्यम पुन्हा पिकने घेऊन खाली ये. चढताना प्रत्येक तारेवर एक पिक आणि दोन हॅमर, उतरताना एक पिक आणि दोन पुल-ऑफ. समेवर पोचलास की नाही हे तबलाच सांगतो.

हे सहज झालं की खरी परीक्षा: तीनताल, १६ मात्रा, मात्रेला चार स्वर. पिक दर तिसऱ्या स्वराला येतो आणि मात्रा दर चौथ्या. आता पिकचा जोर जराही जास्त झाला तर लय वाकडी ऐकू येते, लपायला जागाच नाही. वर-खाली मिळून ३६ स्वर, म्हणजे ९ मात्रा. १६ च्या चक्रात ते फिरत राहतात आणि खर्जाचा पहिला सा पुन्हा समेवर यायला ९ आवर्तनं लागतात. तेवढं न चुकता वाजवता आलं की तुझा लेगाटो बसला असं मी म्हणेन, वेग कितीही असो.

ॲलन होल्ड्सवर्थ हे ब्रिटिश गिटारवादक ऐक. जन्म १९४६, गेले २०१७ मध्ये. त्यांना मुळात सॅक्सोफोन हवा होता, हातात आली गिटार, आणि फुंकीच्या वाद्यासारखी न तुटणारी ओळ त्यांनी गिटारवर आणली. पुल-ऑफचा ओढल्याचा आवाज त्यांना आवडत नसे, म्हणून उतरतानाही ते बोटं हॅमरसारखी टाकत. त्यांची नक्कल आत्ता करायची नाही, तू ॲकॉस्टिकवर आहेस, तुला बोट ओढावं लागेलच. पण प्रत्येक स्वर सारख्या वजनाचा कसा लागतो, ते तिथे ऐकायला मिळतं.

हँड ग्रिप आजपासून बंद. ग्रिपमध्ये सगळी बोटं एकत्र मिटतात. आपल्याला एकेक बोट वेगळं आणि चटकन हलवायचं असतं. दुखणं राहीपर्यंत सराव थोडा-थोडा कर, मध्ये हात सोड, आणि अंगठा बघ. अंगठ्याने मान मागून आवळली की करंगळी हलतच नाही. थोडा वेळ अंगठा पूर्ण सोडून वाजवून बघ, किती कमी दाब पुरतो ते कळेल. बोटात मुंग्या किंवा बधिरपणा आला तर मात्र डॉक्टरांना दाखव, अंगावर काढू नकोस.

आणि इलेक्ट्रिकबद्दल: तिच्यावर लेगाटो सोपा जातो हे खरं आहे. तारा बारीक असतात, आणि डिस्टॉर्शनमध्ये (मुद्दाम फाटका केलेला आवाज) मोठा स्वर दबतो, लहान वर येतो, सगळं आपोआप सारखं ऐकू येतं. म्हणूनच ज्याला पाया घालायचाय त्याने क्लीन, म्हणजे डिस्टॉर्शन नसलेल्या आवाजावर शिकावं. तुझ्याकडे ॲकॉस्टिक आहे हे चांगलंच आहे. फक्त तारा १२ च्या नकोत.

---

होटगीरोड_सेटअप

ताईंनी हाताचं सांगितलं, मी गिटारचं सांगतो. मित्रांच्या गिटारी मीच दुरुस्त करतो, त्यावरून.

आधी ॲक्शन, म्हणजे तारांची उंची मोज. १२ व्या फ्रेटवर, फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत. सहावी तार साधारण अडीच मिलिमीटर, पहिली दोनच्या आत-बाहेर. साध्या ॲकॉस्टिकवर दुकानातून आणतानाच साडेतीन-चार असते, अशा बऱ्याच हातातून गेल्यात. त्यावर कुणाचाही पुल-ऑफ मरेल. सॅडल (बॉडीवर तारा टेकतात ती पट्टी) खालून घासून उंची कमी करता येते, पण आधी नेक बघ. पहिला फ्रेट आणि मान जिथं बॉडीला मिळते तो फ्रेट, दोन्हीकडं सहावी तार दाब. मध्ये ७ व्या फ्रेटजवळ तारेखाली जाड व्हिजिटिंग कार्ड जाईल एवढीच फट हवी. जास्त असली तर ट्रस रॉड (मानेतला बाक ठरवणारा लोखंडी गज) थोडा आवळायचा, एका वेळी पाव फेऱ्याच्या वर नाही, मग ट्यून करून पुन्हा बघायचं.

तारा ११-५२ लाव, किंवा सरळ १०-४७. बारीक तारांनी आवाज थोडा पातळ होतो, लेगाटोसाठी चालतं. एक लक्षात ठेव, ॲकॉस्टिकवर तिसरी तार बहुतेक सेटमध्ये गुंडाळलेली असते, इलेक्ट्रिकवर साधी. म्हणून व्हिडिओत बघून तिसऱ्या तारेवर तसंच ओढायला गेलं तर जड लागतं. त्यात बोटाची काही चूक नाही.

आता सोलापूरचा उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि हवा कोरडी ठणठणीत. लाकूड आक्रसतं, फ्रेटची टोकं मानेच्या कडेनं हाताला टोचायला लागतात. टॉप, म्हणजे बॉडीची वरची फळी, खाली बसतो, ॲक्शन बदलते, तारा भरभरतात. अखंड लाकडाच्या (सॉलिड) टॉपला हे जास्त, प्लायच्या गिटारीला कमी. पत्र्याच्या खोलीत भिंतीला टांगून ठेवू नकोस. साबणाच्या भोकाच्या डबीत ओला करून पिळलेला स्पंज घाल आणि ती डबी गिटारशेजारी कव्हरमध्ये ठेव, लाकडाला थेट ओल लागू द्यायची नाही. पाऊस लागला की डबी काढून टाक.

आणि तुझ्या घरी सुताचे तंतू उडतच असणार. ते घामाबरोबर तारांवर बसतात, बोट घसरत नाही आणि गुंडाळलेल्या तारा लवकर मरतात. वाजवून झालं की सुक्या फडक्यानं तार खालून-वरून पूस.

---

पूर्वभाग_सहातार

ताई, दादा, मनापासून धन्यवाद. तारा ११ च्या लावल्या. ॲक्शन मोजली तर सहाव्या तारेखाली जवळजवळ चार होती. ओळखीच्या सुतारमामांसमोर बसून सॅडल थोडं थोडं घासून घेतलं, आता खूप फरक आहे.

रात्री माग बंद झाल्यावर पिक न घेता वाजवून बघितलं. एवढ्या हळू आवाजात घरचे पण उठत नाहीत, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दिवसा माग चालू असताना मी आता फक्त कॉर्ड्सचा रियाज करतो. लाटांच्या चित्रात चढतानाचे उंचवटे बरेच सारखे आलेत. दादरा लावून चढताना समेवर पोचतोय.

उतरताना मात्र दोन ठिकाणी अडतंय. दुसऱ्या तारेवरून तिसरीवर येताना अजून धक्का बसतो, बाकी तारांवर तेवढा नाही. आणि पाचव्या-सहाव्या तारेवर पुल-ऑफ केला की खरखर येते. ताई, यावर काय करू?

---

रेल्वेलाइन्स_सतार

छान चाललंय. रात्री हळू आवाजात वाजवायची सवय झाली की दिवसाही पिकचा जोर वाढणार नाही.

दुसरी ते तिसरी: इथे हात एक फ्रेट सरकतो. दुसऱ्या तारेवर तुझं पहिलं बोट १० वर आहे, तिसरीवर ते ९ वर हवं. पुल-ऑफला खालचं बोट आधी बसलेलं लागतं, आणि नेमकं इथे ते बसायला उशीर होतो. म्हणून दुसऱ्या तारेवरचा शेवटचा स्वर, १० वरचा, वाजत असतानाच करंगळी तिसऱ्या तारेच्या १२ वर नेऊन ठेव. करंगळी टेकली की तिच्या आधाराने पहिलं बोट मागे ९ वर जातं. उडी मारायची नाही, मनगट किंचित मागे वळतं, तेवढंच. पाचवीवर येताना हाच प्रकार ९ वरून ८ वर होतो, पण तिथे तुझं लक्ष खरखरीकडे आहे म्हणून जाणवत नसेल.

पूर्ण स्केल आत्ता बाजूला ठेव. फक्त हे सहा स्वर घे: दुसरीवर १३-१२-१०, तिसरीवर १२-१०-९. सां नी ध, प म ग. दादऱ्यात ते दोन मात्रांत संपतात, म्हणजे एका आवर्तनात तीनदा येतील. पिक दोनच, आणि दुसरा पिक पहिल्यापेक्षाही हळू, कारण हात सरकल्यावर नकळत जोर जातोच.

खरखर: गुंडाळलेल्या तारेवर बोट आडवं घासतं तेव्हा ती येते. जाड तारेला ओढ कमी पुरते, तिचं वजनच जास्त आहे. तिथे बोट जवळजवळ सरळ उचल, अगदी निसटतं खाली ने. आणि हात तारेच्या लांबीवर सरकवताना बोट तारेला चिकटून ठेवू नकोस, टेकलेलं सोडून मग सरक. जाड तारांचा स्वर थोडा गोल आणि मागे राहिलेला वाटला तरी चालेल, तिथे बारीक तारेसारखा टोकदार आवाज काढायला जाऊ नकोस.

चार-सहा दिवसांनी त्या सहा स्वरांचं रेकॉर्डिंग इथे टाक. तबला ऐकू येईल एवढा लाव आणि फोन गिटारपासून हातभर लांब ठेव, नाहीतर पिकचाच आवाज जास्त येतो. ते ऐकून तीनताल कधी सुरू करायचा ते सांगते.